सणाच्या पंगतीला कोण कोण?

शास्त्रपाठ : अनुवाद १६:१३-१५



डिसेंबरचा तिसरा आठवडा लागला की लोंढ्याहून रामनगरकडे आणि दांडेलीहून जोयड्याकडे जाणाऱ्या बसगाड्यांत पाय ठेवायला जागा राहत नाही. कोणी गोव्याहून आलेला असतो, कोणी हुबळीहून, कोणी पुण्याच्या कारखान्यातून रात्रभर बसून. डोक्यावर वळकटी, हातात फराळाचा पत्र्याचा डबा आणि खांद्यावर झोपलेले मूल. नाताळाला घरी जायचे आहे. ज्या घरी जायचे ते घर दोन खोल्यांचे असते आणि तेथे अठरा माणसे जमणार असतात. जमिनीवर चटया पसरल्या जातात, पडवीत दोन चुली वाढवल्या जातात, आणि तीन दिवस त्या घरात कोणालाही स्वस्थ झोप म्हणून मिळत नाही. तरी परत जाताना सर्व जण पुढल्या वर्षीचे ठरवूनच निघतात.

उत्तर कन्नड जिल्ह्यातील हा जोयडा तालुका म्हणजे सह्याद्रीचे दाट रान. कर्नाटकातील अत्यंत विरळ वस्तीच्या तालुक्यांत त्याची गणना होते. एका वाडीपासून दुसरी वाडी कोस-दोन कोस. पावसाळ्यात कित्येक वाड्यांचा संबंध तुटतो. अशा ठिकाणी ख्रिस्ती घरे थोडी, आणि त्यांत मराठी उपासनेची घरे त्याहून थोडी. कोणी कॅसलरॉकला रेल्वेच्या नोकरीनिमित्त आले आणि राहिले. कोणी दांडेलीच्या कागद गिरणीत लागले. कोणाचे वाडवडील बेळगावच्या जुन्या मिशनच्या छायेत वाढलेले. शेजार बहुतेक रोमन कॅथलिक बांधवांचा आणि कुणबी बांधवांचा. अशा ठिकाणी मोठ्या शहरातील मंडळीप्रमाणे दर रविवारी शंभर माणसे भेटत नाहीत. वर्षातून एकदा नाताळालाच आपले माणूस आपल्या माणसाला डोळे भरून पाहते. म्हणून ह्या महिन्याच्या मननासाठी आम्ही हाच विषय घेतला आहे : सण, गोतावळा आणि लहान मुले.

सण कसा पाळावा याविषयी मोशेच्या नियमशास्त्रात पुष्कळ लिहिले आहे. कोणता प्राणी, किती पीठ, कोणता दिवस, हे सारे तपशील आहेत. पण अनुवादाच्या सोळाव्या अध्यायात मांडवांच्या सणाविषयी सांगताना एक यादी दिली आहे, आणि ती खाण्याच्या पदार्थांची नाही. ती माणसांची यादी आहे. घरधन्याने स्वतः आनंद करावा, त्याच्याबरोबर मुलाने आणि मुलीने, दासाने आणि दासीने, गावातल्या लेव्याने, आणि उपरी, अनाथ व विधवा ह्यांनीही. आनंद करणे ही येथे आज्ञा आहे. जो आनंद एकट्या घरधन्याने केला तो ह्या आज्ञेप्रमाणे पुरा होत नाही. यादीतला एक जरी माणूस कोपऱ्यात रडत बसला असेल तर सण पाळला असे म्हणता यायचे नाही.

चाणाक्ष वाचकांच्या लक्षात आले असेल की ह्या यादीत मुलगा आहे, मुलगी आहे, दासीसुद्धा आहे, पण बायको नाही. आमच्या एका भगिनीने अभ्यासवर्गात हे बोट ठेवून विचारले होते, आणि वर हेही म्हणाली होती की ती चुलीजवळ असेल म्हणून मोशेला दिसली नसेल! हसण्यावारी नेले तरी प्रश्न खरा आहे. शास्त्राभ्यासकांचे म्हणणे असे की आज्ञेतील पहिला शब्द नवराबायको दोघांना मिळून आहे. तिला निराळे सांगावे लागत नाही, ती यादीत खाली नसून वरच आहे. हे म्हणणे आम्हांला पटते. पण मग आपल्या घरांत काय होते? सण सर्वांचा असतो आणि धूर एकटीचा असतो. करंज्यांचे सारण ती करते, अठरा माणसांची भाकरी ती थापते, उपासनेला ती शेवटच्या गीताला पोहोचते आणि पदर सावरीत मागल्या बाकावर बसते. यादीत दासदासींनाही आनंद करावयास सांगितले आहे, अर्थात त्या दिवशी त्यांच्याही हातचे काम सुटले पाहिजे. जेथे दासीची सुटी शास्त्राने सांगितली तेथे घरच्या सुनेची सुटी कोणी सांगावयाची? पुरुषमंडळींनी विहिरीचे पाणी भरावे, भांडी घासावी, नारळ खवावेत. चार पदार्थांऐवजी दोन करावे. नाताळाच्या उपासनेला घरातली शेवटची बाई पोहोचल्याशिवाय पहिले गीत सुरू करू नये, असे एखाद्या मंडळीने ठरवले तर आम्ही तिचे अभिनंदन करू.

आता शास्त्रातल्या एका घरच्या सणाकडे वळू. १ शमुवेलाच्या पहिल्या अध्यायात एलकाना नावाच्या सज्जन मनुष्याचे कुटुंब आहे. हा मनुष्य दरवर्षी न चुकता सारे बिऱ्हाड घेऊन शिलो येथे परमेश्वराच्या भजनाला जातो. यज्ञ झाल्यावर पंगत बसते. पनिन्नेला आणि तिच्या सर्व मुलामुलींना वाटे मिळतात. हन्नेला मूल नाही. एलकानाचे तिच्यावर प्रेम आहे, म्हणून तो तिला दुप्पट वाटा देतो. आणि नेमक्या त्याच पंगतीत तिची सवत तिला टोचून बोलते. एकदा नव्हे, शास्त्र सांगते की दरवर्षी असेच होत असे. वर्षभर जे कसेबसे झाकून ठेवलेले असते ते सणाच्या दिवशी उघडे पडते, कारण त्या दिवशी वाटे मोजले जातात आणि कोणाभोवती किती मुले बसली आहेत हे सर्वांना दिसते. हन्ना रडते व जेवत नाही.

बंधुभगिनींनो, आपल्या पंगतीत सवत नसते. पण पनिन्नेची जीभ पुष्कळांना असते. लग्नाला चार वर्षे झालेली सून नाताळाला सासरी येते. आल्या आल्या थोरली नणंद विचारते, यंदा तरी गोड बातमी आहे की नाही? मावशी एखादे औषध सांगते. कोणी शेजारच्या बाईचे उदाहरण देते. ह्यांतली एकही वाईट मनाची नसते. सर्व जणी प्रेमानेच बोलतात, आणि ती सून विहिरीवर हंडा घेऊन जाते व अर्धा तास परत येत नाही. तसेच पस्तिशी उलटलेल्या, लग्न न झालेल्या मुलाचे. दहावीत नापास झालेल्या नातवाचे, ज्याच्या गुणांची तुलना चुलतभावाच्या गुणांशी सर्वांसमोर होते. नवरा सोडून माहेरी आलेल्या बहिणीचे. मुले हे सर्व ऐकत असतात. कोणाला काय बोलले की चालते आणि कोणाला काय बोलले की मोठी माणसे हसतात, हे ती ह्या पंगतीतच शिकतात. शब्बाथशाळेत आपण वर्षभर प्रेमाचा अध्याय पाठ करून घेतो आणि सणाच्या तीन दिवसांत मोठी माणसे त्यांना निराळाच धडा देऊन मोकळी होतात.

एलकानाचेही जरा पाहावे. तो चांगला नवरा आहे यात शंका नाही. पण बायको रडते तेव्हा तो तिला म्हणतो की दहा पुत्रांपेक्षा मी तुला अधिक नाही काय. त्याला समजूत घालावयाची आहे, पण त्यात त्याने स्वतःलाच मध्ये आणले. आणि पनिन्नेला तो काही बोलल्याचे शास्त्रात कोठेही नाही. पंगतीतल्या मुख्य पुरुषाने गप्प राहणे हेही एक बोलणेच असते. घरातील आजोबांनी किंवा थोरल्या मुलाने एकदाच, हळू आवाजात, हा विषय येथे नको, एवढे म्हटले तर कित्येक हन्नांना आपल्या ताटातले अन्न गोड लागेल.

पुढची हकिकत लहान मुलांच्या आयांनी अवश्य वाचावी. शमुवेल जन्मला. पुन्हा सणाचे दिवस आले आणि एलकाना सारे कुटुंब घेऊन निघाला. हन्ना म्हणाली, बाळाचे दूध तुटेपर्यंत मी येत नाही. ज्या बाईने त्याच शिलो येथे उभे राहून मूल मागितले, तीच मूल मिळाल्यावर सणाला गेली नाही. आणि एलकानाने काय केले? तुला बरे वाटेल तसे कर, असे तो म्हणाला. त्याने आपल्या आईबापांचे नाव पुढे केले नाही, लोक काय म्हणतील हे काढले नाही. आमच्याकडे मात्र दोन महिन्यांचे तान्हे मूल थंडीच्या दिवसांत पहाटेच्या गाडीने आणले जाते, कारण आजीला ते पाहावयाचे आहे. जोयड्याकडच्या डिसेंबरची थंडी ज्यांनी पाहिली आहे त्यांना सांगावयास नको. सकाळी नऊपर्यंत धुके हटत नाही. अठरा जण त्या बाळाला हातोहात फिरवतात, त्यांतील दोघांना खोकला असतो. ज्या आईला यंदा यावयाचे नाही तिला घरी राहू द्यावे आणि तिच्यावर रुसू नये. आजीला फारच ओढ असेल तर आजीने फेब्रुवारीत, ऊन पडल्यावर, तिकडे जावे. हन्ना पुढे दरवर्षी सणाला गेली आणि जाताना वाढत्या मुलासाठी लहानसा झगा शिवून नेत असे. दरवर्षी नवे माप अंदाजाने धरून कापड कापणाऱ्या त्या आईचे आम्हांला फार कौतुक वाटते.

दुसरे सणाचे कुटुंब नाझरेथचे आहे. लूकच्या दुसऱ्या अध्यायात योसेफ व मरीया दरवर्षी वल्हांडणासाठी यरुशलेमेस जात असत असे लिहिले आहे. प्रभु येशू बारा वर्षांचा असताना ते गेले. सण संपला, सगळे माघारी निघाले, आणि मुलगा मागे राहिला. आईबापांना दिवसभराची वाट चालून होईपर्यंत हे कळले नाही. सोबत्यांच्या घोळक्यात असेल असे त्यांना वाटले. मग नातलगांत व ओळखीच्यांत शोधू लागले, आणि तो सापडेना.

ह्या गोष्टीवर पुष्कळ उपदेश झाले आहेत. बहुतेकांत मुलाच्या ज्ञानाचे वर्णन असते. आम्हांला मात्र त्या एका दिवसाच्या वाटेविषयी बोलावयाचे आहे. आईबापांनी निष्काळजीपणा केला काय? आम्हांला तसे वाटत नाही. बारा वर्षांचा मुलगा काकाबरोबर असेल, मावशीच्या मुलांबरोबर असेल, असे ज्या आईला निर्धास्तपणे वाटते तिचा गोतावळा चांगला असला पाहिजे. शहरात चार भिंतींत वाढणाऱ्या आजच्या कित्येक मुलांना हा लाभ नाही. आपल्यावर आईबापांखेरीज आणखी दहा जणांचा हक्क आहे, भूक लागली तर कोणत्याही घरात शिरावे आणि खोडी केली तर कोणीही कान धरावा, हे ज्याला लहानपणी मिळाले तो मोठेपणी सहसा एकटा पडत नाही. सणाच्या तीन दिवसांत मुले ह्या हाताखालून त्या हाताखाली जातात हे चांगलेच आहे.

पण जेथे सर्वांची नजर असते तेथे कधी कधी कोणाचीच नसते. आई समजते बाबांकडे आहे, बाबा समजतात आजीकडे आहे, आजीचा डोळा लागलेला असतो. हा धोका घरात अठरा माणसे असताना अधिक आहे. आणि आपला मुलूख पाण्याचा व रानाचा आहे हे विसरता कामा नये. गणेशगुडीच्या खाली काळी नदीचे पाणी धरणातून सोडल्याप्रमाणे चढते आणि उतरते. सकाळी जेथे खडक उघडे होते तेथे दुपारी पाणी खेळत असते. दांडेलीकडे नदीत मगरी आहेत. गावची मुले हे जाणतात. पुण्याहून आलेली त्यांची भावंडे जाणत नाहीत, आणि सणात ही दोन्ही मिळूनच नदीवर जातात. म्हणून आमची साधी सूचना अशी की सकाळी चहाच्या वेळीच नावानिशी ठरवावे : दुपारच्या जेवणापर्यंत मुले अमुक काकाकडे, नंतर अमुक मामाकडे. ज्याच्याकडे मुले असतील त्याने तेवढा वेळ पत्ते खेळू नयेत आणि फोनही पाहू नये. ह्यात भक्ती कमी होत नाही. मरीयेने व योसेफाने तीन दिवस शोधण्यात घालवले. आपण तीन मिनिटे ठरवण्यात घालवावी.

मुलगा सापडला तेव्हा तो गुरुजनांमध्ये बसून त्यांचे ऐकत होता व त्यांना प्रश्न विचारीत होता. प्रश्न ही सणाची जुनी रीत आहे. वल्हांडणाच्या विधीत मुलाने ह्याचा अर्थ काय असे विचारावे आणि बापाने सांगावे, असे निर्गमाच्या बाराव्या अध्यायातच ठरवून दिले आहे. यहोशवाच्या चौथ्या अध्यायात तर दगडच ह्यासाठी रचले. यार्देन नदीचे पाणी थांबले, लोक कोरड्या पात्रातून पार झाले, आणि पात्रातून बारा दगड उचलून गिलगाल येथे उभे केले. पुढे मुले विचारतील की हे दगड कसले. तेव्हा सांगता यावे. पण त्याच अध्यायात आणखी बारा दगडांचा उल्लेख आहे, ज्याकडे सहसा लक्ष जात नाही. ते यहोशवाने नदीच्या मध्यभागी, याजक उभे होते तेथे, रचले. मग पाणी पूर्ववत वाहू लागले आणि ते दगड बुडाले. ते कोणाला दिसणार? ते पाहून कोणते मूल विचारणार?

हे वाक्य वाचताना आम्हांला सुपा आठवते. काळी आणि पांढरी ह्या नद्यांच्या संगमावरचे सुपा हे तालुक्याचे गाव होते, आणि तालुक्याचे नावही तेच होते. काळीवर सुमारे १०१ मीटर उंचीचे धरण बांधले गेले, १९८७ साली ते पुरे झाले, आणि सुपा गाव व आसपासच्या कित्येक वाड्या पाण्याखाली गेल्या. कचेऱ्या जोयड्यास हलल्या. पुष्कळ कुटुंबांना रामनगर येथे नवी वसाहत मिळाली. त्या पाण्यावर नागझरी येथे वीज तयार होते, आणि तिच्यावर दूरदूरच्या शहरांतील दिवे लागतात. नाताळाचे तारेही लागत असतील.

यार्देन थांबली तेव्हा लोक आपल्या वतनात शिरले. काळी थांबली तेव्हा लोक आपल्या वतनातून उठले. ह्या दोन गोष्टी एकसारख्या आहेत असे म्हणण्याचे धाडस आम्ही करणार नाही, आणि व्यासपीठावरून कोणी तसे म्हणू नये अशी आमची विनंती आहे. ज्याची भातखाचरे व परसातली फणसाची झाडे गेली त्याला, परमेश्वराने तुला मोठे करण्यासाठीच हे केले, असे घाईने सांगणे म्हणजे ईयोबाच्या मित्रांचे काम करणे होय. पण बुडालेल्या दगडांची गोष्ट त्याच्यासाठी आहे. जे दगड पाण्याखाली गेले त्यांचीही नोंद पवित्र शास्त्राने ठेवली. डोळ्यांनी दिसत नाहीत म्हणून ते नव्हतेच असे झाले नाही; कोणीतरी ते सांगितले आणि लिहून ठेवले.

आज रामनगरच्या, जोयड्याच्या घरांत सत्तरी-पंचाहत्तरी ओलांडलेली जी माणसे आहेत, तीच ते सांगू शकतात. संगमाजवळची वाट कशी होती, पावसात नदी कशी ओलांडीत, नाताळाच्या रात्री कंदील घेऊन कोणत्या वाडीवरून कोणत्या वाडीवर गीते गात जात, सामान बैलगाडीत भरले त्या दिवशी आजी काय बोलली, आणि घरातून कोणती वस्तू तिने स्वतः उचलून आणली. पाटा? देव्हारा नसलेल्या घरातला शास्त्राचा ग्रंथ? कणग्यांचे बेणे? हे तिला कोणी विचारीत नाही. आणि न विचारता ती सांगत नाही, कारण ऐकणाऱ्याला कंटाळा येईल अशी तिला भीती असते.

येथे भाषेची अडचण मध्ये येते. ह्या भागातल्या एका घरात चार भाषा नांदतात. शाळेत कन्नड, अंगणात कोकणी, उपासनेत मराठी, आणि बेंगळुरूहून किंवा पुण्याहून आलेल्या नातवंडांच्या तोंडी इंग्रजी. आजी बोलते ते नातीला अर्धे कळते. नात बोलते ते आजीला पाव कळते. मग दोघी एकमेकींकडे पाहून हसतात आणि नात फोन घेऊन कोपऱ्यात बसते. ह्यात मुलांचा दोष नाही. मध्ये जी पिढी आहे, म्हणजे आईबाप, त्यांनी दुभाषाचे काम करावयाचे आहे. शेजारी बसावे आणि वाक्यावाक्याला सांगावे. अर्धा तास पुरे. पोरे सारखी मध्ये बोलतील, पाणी मागतील, नेमका नको तो प्रश्न विचारतील, विचारू द्यावा.

शब्बाथशाळेच्या शिक्षकांना आम्ही सुचवू की जानेवारीच्या पहिल्या वर्गात, नाताळाला काय काय खाल्ले आणि कोणते कपडे मिळाले, हे विचारण्याऐवजी प्रत्येक मुलाला एक प्रश्न आधीच, डिसेंबरच्या वर्गात, देऊन ठेवावा. आजी-आजोबा माझ्याएवढे असताना नाताळ कोठे व कसा करीत? उत्तर लिहून आणावे किंवा चित्र काढावे. ज्या मुलाला आजी-आजोबा नाहीत त्याने मंडळीतल्या कोणत्याही वृद्धाला विचारावे. आणि असा वृद्ध कोणता हे शिक्षकाने आधी त्याच्या घरी जाऊन ठरवून ठेवावे, म्हणजे मुलाला दारोदार हिंडावे लागणार नाही आणि त्या वृद्धालाही सणाला कोणीतरी येणार आहे हे ठाऊक राहील.

अनुवादातील यादीत उपरीही आहे. ह्याविषयी आपल्या भागाला फार उपदेशाची गरज नाही. फराळाचे ताट कुणबी शेजाऱ्याकडे जाते आणि चवथीला त्यांचे आपल्याकडे येते, हे पिढ्यान् पिढ्या चालत आले आहे. ह्या जिल्ह्यातील सिद्दी बांधवांत हिंदू, मुसलमान व ख्रिस्ती अशी तिन्ही घरे असून नातेसंबंध एकमेकांत गुंतलेले आहेत. त्यांच्या सणाला कोण आपले आणि कोण परके हे बाहेरच्याला सांगता येत नाही. निर्गमातही कुटुंब लहान असेल तर शेजारच्या घराबरोबर मिळून एक कोकरू घ्यावे असे म्हटले आहे. गोतावळा मोठा असला की मात्र आपण शेजाऱ्याला विसरतो. वाडीच्या टोकाला राहणारी एकटी विधवा, रेल्वेच्या वसाहतीतला बदलीवर आलेला, अजून कोणाला न ओळखणारा जोडीदारांचा संसार, ह्यांना ताट पाठवणे चांगले. पण ताट पाठवणे आणि पंगतीला बसवणे ह्यांत अंतर आहे. यादीत बरोबर आनंद करावा असे आहे.

शेवटी, जो येत नाही त्याच्याविषयी थोडे. जवळजवळ प्रत्येक मोठ्या कुटुंबात एक भाऊ असा असतो. जमिनीच्या वाटणीवरून किंवा मिळालेल्या पैशाच्या हिश्श्यावरून दहा-पंधरा वर्षांपूर्वी बोलणे झाले आणि तेव्हापासून तो सणाला येत नाही. राहतो चार मैलांवर. त्याची मुले आणि ह्यांची मुले एकाच शाळेत एकाच बाकावर बसतात, एकमेकांचे डबे खातात, आणि नाताळाला मात्र निरनिराळ्या घरांत असतात. आपण सख्खी चुलत भावंडे असून ह्या दिवशी एकत्र का नसतो, ह्या प्रश्नाला मोठी माणसे उत्तर देत नाहीत. मुलांना विचारावयास शिकवा असे आम्ही वर म्हटले; हा प्रश्नही ती विचारणार.

उधळ्या पुत्राच्या दाखल्यात घरात मेजवानी चालू आहे आणि थोरला भाऊ बाहेर उभा आहे. त्याचा राग अगदीच खोटा नाही. त्याने वर्षानुवर्षे शेतात राबून काढली आहेत. तेव्हा बाप काय करतो? नोकराला पाठवीत नाही. यावयाचे तर ये, दार उघडे आहे, असा निरोप धाडीत नाही. भरल्या पंगतीतून स्वतः उठतो, पाहुण्यांना सोडून अंगणात जातो आणि विनवणी करतो. थोरला धाकट्याला हा तुझा मुलगा म्हणतो. बाप उत्तर देताना हा तुझा भाऊ म्हणतो. हिशेब बरोबर की चूक ह्यावर बाप वाद घालीत नाही. थोरला मग आत आला की नाही, हे लूकने लिहिलेले नाही.

ज्या घरात असा एक भाऊ बाहेर आहे त्या घरातल्या वडीलधाऱ्याने नाताळाच्या आदल्या दिवशी, गर्दी जमण्यापूर्वी, स्वतः निघावे. फोन करू नये. ज्या मुलाची त्या घरातल्या मुलाशी शाळेत मैत्री आहे त्याला बरोबर न्यावे. फराळाचा डबा घ्यावा, आणि जमिनीचे कागद घरीच ठेवावेत. पडवीत बसवले तर पडवीत बसावे. मुले खेळावयास पळतील. ती परत येईपर्यंत निघण्याची घाई करू नये.